अण्णांची डबल बेल

हिरामणअण्णा लग्नाला आले असले, की मंगलाष्टकं संपली तरी अंतरपाट खाली यायचा नाही. भटजींचं शेवटचं "सावधान" म्हणून झालेलं असे, अक्षता संपलेल्या असत, निम्मा मांडव जेवणाच्या दिशेनं तोंड करून उभा असे, आणि अण्णा एक हात वर करून सगळ्यांना थोपवून धरत. दुसऱ्या हातात तळव्यात मावेल एवढा चंदेरी व्हिडिओ कॅमेरा. ते बटण दाबत. कॅमेरा एकदा टिक् करी. अण्णा नाराजीनं मान हलवत आणि पुन्हा दाबत. आता टिक् टिक् असा दोनदा आवाज येई आणि अण्णांचा चेहरा खुले. "डबल," ते म्हणत. "हां, सोडा आता." मग अंतरपाट खाली येई आणि लग्न लागे.

उत्रोलीत आणि आसपासच्या गावांत लोकांना याची इतकी सवय झाली होती, की किकवीच्या एका लग्नाला अण्णा आलेले नसताना भटजींनीच मान वळवून विचारलं होतं, डबल झाली का म्हणून.

अण्णा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. उभी नोकरी त्यांनी भोर-वेल्ह्याच्या गाड्यांवर काढली. वळणावळणांच्या रस्त्यावर सीटच्या दांडीला टेकून तिकिटं फाडायची सवय असल्यामुळे असेल, पण घरातसुद्धा ते कधी सरळ उभे राहिलेले मला आठवत नाहीत. एक खांदा कायम कशाला तरी टेकलेला. नोकरी सुटली, भाषा सुटली नाही. वऱ्हाडाला कॅमेऱ्यासमोर गोळा करताना ते ओरडत, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा हाय." नवरा-नवरीला सांगत, "दोघं एका शीटवर बसा." पंगतीतून कुणी उठू लागलं आणि त्याच वेळी दुसरे बसायला धावले, तर अण्णा मध्ये आडवे होत आणि आधी उतरणारांना उतरू देत. आणि त्यांच्या कानाला जगात दोनच आवाज पक्के ठाऊक होते. घंटीचा एक ठोका म्हणजे गाडी थांबली. दोन ठोके म्हणजे गाडी निघाली.

माझं घर त्यांच्या घरापासून तिसरं. मी भोरच्या हायस्कुलात जायचो, तेव्हा सकाळची गाडी मला रोज पळतच गाठावी लागे. भाताच्या खाचरांच्या बांधावरून दप्तर सांभाळत पळताना लांबून अण्णा दिसत. दारात उभे, एक हात घंटीच्या दोरीवर, नजर बांधाकडे. ड्रायव्हर हॉर्न वाजवी, आतले लोक कुरकुर करत, पण माझा पाय पायरीवर पडल्याशिवाय अण्णा डबल देत नसत. वर चढलो की म्हणत, "संजा, उद्या पाच मिंटं आदी उठ." मी कधी उठलो नाही. त्यांनीही मला कधी मागं सोडलं नाही.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं अण्णा ओट्यावर बसून होते. मनगटाला घड्याळ, नजर रस्त्यावर. बसल्या जागेवरून ते सगळ्या गाड्या चालवत. "आता सारोळ्याचा पूल आला," ते स्वतःशीच म्हणत. थोड्या वेळानं, "किकवीला चार उतरलं." सुमनकाकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आतून म्हणत, किकवीला थांबलीच हाय तर तवर च्या घ्या. आम्ही रस्त्यानं जाणारे हसायचो. काकी हसत नसत, हे मला आता आठवतं.

मग तो कॅमेरा आला. रेखा ही त्यांची एकुलती एक मुलगी. जावई सैन्यात, नेमणूक तिकडं आसामात. सुट्टीवर येताना जावयांनी तो कॅन्टीनमधून आणला. रेखानं बापाच्या हातात दिला आणि सांगितलं, की इकडं जे जे होतं ते यात काढून ठेवा. लग्नं, जत्रा, भाताची लावणी, आईचं उठणं-बसणं. पुढच्या सुट्टीत आपण सगळे मिळून बघू. अण्णांनी हे शब्द वरिष्ठांच्या आदेशासारखे घेतले. पहिल्यांदा बघायचं ते रेखीनं. तोवर आपणसुद्धा बघायचं नाही. पुढची सुट्टी रद्द झाली, त्याच्या पुढच्या वर्षी रेखाला दिवस गेले, आणि अण्णा काढतच राहिले.

कॅमेऱ्याचं कौतुक ते न विचारता सांगत. पण इमानदारीनं सांगत, गुण सांगितला की लगेच खोडही सांगत. "यच्डी हाय," ही सुरुवात. एचडी म्हणजे काय, तर तोंडावरचा तीळ मोजता येतो; म्हणून दाढी करून या, असं ते नवऱ्या मुलाच्या बापालाही बजावत. लांबचं जवळ ओढण्यात तर या मशीनचा हात धरणारं कुणी नव्हतं. वेल्ह्याच्या स्टँडवर उभं राहून त्यांनी तोरण्याच्या बुरुजावरचा माणूस हातभर अंतरावर आणला होता आणि त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलेलं नव्हतं, हेही त्यांना दिसलं होतं. शिवाय आपला हात हलला तरी आतलं चित्र हलत नाही. "आमच्या जुन्या गाडीत असलं कायतरी बसवाया पायजे हुतं," ते म्हणत. वजन तर एवढं हलकं, की तिकिटाची पेटी आयुष्यभर वागवलेल्या खांद्याला काही अडकवलंय असं वाटतच नव्हतं.

मग खोडी. उन्हात पडदा काळाठिक्कर पडतो, काही दिसत नाही. वारा आला की मशीन माणसाचं ऐकत नाही, वाऱ्याचंच ऐकतं. अंधाऱ्या घरात पडद्यावर मुंग्या चालतात. या मुंग्या आपल्या मोतीबिंदूच्या आहेत असं अण्णांना बरेच दिवस वाटत होतं आणि त्यासाठी ते डोळ्याच्या डॉक्टरांकडं जाऊनही आले होते. पडद्याचं दार त्यांनी कधी लावलं नाही. त्याची नाजूक बिजागरी मोडेल ही भीती. पण सगळ्यात मोठी खोड बॅटरीची. "ही मशीन काम करताना खात न्हाई, बसून खाती," ते कळवळून सांगत. लग्न लागेपर्यंत बॅटरी भरलेली. कॅमेरा बंद करून जेवायला बसावं आणि उठून बघावं, तर उतरलेली. असं जगात कुठं असतं का, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. पहिल्या कार्डापासून माहीत होतं.

भोरला स्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि कॉम्प्युटरचं दुकान आहे. पहिलं मेमरी कार्ड भरलं तेव्हा अण्णा ते काडेपेटीत घालून माझ्याकडं घेऊन आले. तुझ्या कम्पुटरात वत आन् रिकामं करून दे, पन बघू नगंस, पहिल्यांदा रेखी बघनार हाय, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हटलं आणि त्यांची पाठ वळताच उघडलं.

पडद्यावर मांडव आला. तीन सेकंद. मुंडावळ्या बांधलेला नवरा, अर्धा अंतरपाट, भटजींचा हात. मग चित्र तुटलं आणि जमीन आली. पुढं चाळीस मिनिटं जमीनच. अण्णांच्या चपला. कुणाच्या तरी अनवाणी टाचा. कुत्र्याचं नाक, अगदी जवळून, एचडीत. पंगतीतल्या पत्रावळीची कड आणि अण्णांचा आवाज, आमटी वाढा म्हणून. नवरीच्या सासूबद्दल दोन बायका कुजबुजत होत्या, ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. लग्न मात्र कुठंच नव्हतं.

गोम लक्षात यायला वेळ लागला नाही. हा कॅमेरा चालू होताना एकदा टिक् करतो आणि बंद होताना दोनदा. अण्णांचा कान एसटीचा. उन्हात पडदा दिसत नसे आणि डोळ्यांवर त्यांचा भरवसाही नव्हता, म्हणून ते कानानंच काम करत. एक वाजला की त्यांच्या मते मशीन थांबलं. म्हणून पुन्हा दाबायचं. दोन वाजले की निघालं. मग बंद कॅमेरा डोळ्याला लावून ते अख्खं लग्न भक्तिभावानं काढत. शेवटी दाबत, एक वाजे, "थांबली" म्हणून ते कॅमेरा हातातल्या पट्ट्यावर खाली सोडत, आणि तिथून तो खरा चालू होई.

मी खुर्चीवरून पडायचा बाकी होतो. त्याच दिवशी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम. अण्णा, तुमचं उलटं होतंय. पण हसू आवरेना आणि असलं हसू एकट्यानं कोण ठेवतो? संध्याकाळी चहाला मित्र आले, त्यांना दाखवलं. त्यांनी आणखी चौघांना आणलं. पुढच्या कार्डाची आम्ही वाट बघू लागलो. माझ्या दुकानात अण्णांचा पिक्चर लागतो, हे स्टँडवरच्या रिक्षावाल्यांपर्यंत गेलं. मी ते रंगवून सांगायला शिकलो, अण्णांचा आवाज काढायला शिकलो. लोक अण्णांना मुद्दाम लग्नाला बोलवू लागले. त्यांना वाटे, कॅमेऱ्यामुळे बोलवतात. ते बरोबरच होतं म्हणा.

एकदा मी सांगायला तोंड उघडलंही होतं. अण्णा नवं कार्ड घेऊन आले होते आणि मला खरंच वाईट वाटलं होतं. पण दुकानात चौघं बसले होते, एकानं डोळा मारला आणि माझ्या तोंडून निघालं, "अण्णा, त्या बॅटरीचं काय झालं हो?" अण्णा मनापासून सांगू लागले. "बसून खाती" आलं तेव्हा एकाच्या नाकातून चहा बाहेर आला. अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं आणि सावकाश प्यायला सांगितलं.

असंच आम्ही बघत असताना एके दुपारी दारात काकी उभ्या दिसल्या. रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आल्या होत्या. पडद्यावर अण्णांच्या चपला चालल्या होत्या आणि सहा माणसं पोट धरून हसत होती. मी घाईनं बंद केलं. बाकीचे पांगले. काकी रागावल्या नाहीत. ह्ये काय हाय, एवढंच विचारलं. मी सगळं सांगितलं, एक टिक्, दोन टिक्, पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका आला म्हणजे कॅमेरा चालू.

"लाल टिकली व्हय," काकी म्हणाल्या. झेरॉक्स पदराखाली धरून त्या निघून गेल्या.

मला सुटल्यासारखं वाटलं. आता काकी घरी जाऊन सांगतील, माझं काम परस्पर होईल. पण पुढच्या कार्डावरही चपलाच होत्या. काकी विसरल्या असतील असं मी धरून चाललो. त्यानंतर निदान दुकानातलं प्रदर्शन तरी मी बंद केलं का? नाही. दार लावून घेऊ लागलो, एवढंच.

त्या वर्षी भात काढायच्या सुमाराला काकींचं दुखणं निघालं. पुण्याला नेलं, आणलं. डॉक्टरांनी फार काही हातात ठेवलं नाही. रेखाची मुलगी तेव्हा जेमतेम वर्षाची होती, लगेच येणं जमण्यासारखं नव्हतं. भात झोडून झाल्यावर एके सकाळी अण्णांनी काकींना अंगणातल्या बाकड्यावर बसवलं, चांगलं लुगडं नेसायला लावलं आणि रेखासाठी बोलायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम दुकानात आले. कार्ड द्यायला नव्हे, नुसतं सांगायला आले होते. "अर्दा तास बोलली. जलमात येवढी बोलली न्हाई ती. समदं घेतलंया आत," ते म्हणाले आणि शर्टाच्या खिशावर दोनदा थोपटलं.

मला ठाऊक होतं, आत काही नाही. त्यानंतर काकी अजून महिनाभर होत्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत बोलत होत्या. मी तिसऱ्या घरात राहत होतो. उठून जायचं आणि म्हणायचं, अण्णा, पुन्हा एकदा काढा, यावेळी मी दाबतो. पण तसं म्हटलं असतं तर इतकी वर्षं काय करत होतास, हे विचारलं गेलं असतं. रोज म्हणत होतो, आज जाऊ. मग काकी गेल्याच.

रेखा आली. तेरावा झाला. तिच्या परतीच्या आदल्या दिवशी सकाळी अण्णांनी मला लॅपटॉप घेऊन घरी बोलावलं. मी कार्ड आधी द्या, तपासून आणतो, असं दोनदा म्हणून पाहिलं. पण ते कार्ड त्यांना हातातून सोडायचं नव्हतं. रेखा मुलीला मांडीवर घेऊन बसली. अण्णा लॅपटॉपच्या जवळ स्टूल ओढून, एक खांदा भिंतीला टेकवून बसले. तेवढ्यात किकवीच्या शाळेतून फोन आला, दुपारी मुलांचं गॅदरिंग आहे, कॅमेरा घेऊन याल का म्हणून. अण्णांनी बघतो म्हणून फोन ठेवला. लोक त्यांना कशाला बोलवतात हे माहीत असलेला त्या घरात मी एकटा होतो, किंवा निदान मला तसं वाटत होतं.

मी लावलं. काकी आल्या. बाकड्यावर, उन्हात, पदर सारखा करताना. ओठ उघडले, "रेखे"मधला "रे" म्हटला असेल नसेल, आणि अण्णांचा आवाज आला, "थांब, डबल हुंदे." चित्र तुटलं. काकींचा चेहरा आहे तो एवढाच. चार सेकंद.

मग अंगण आलं, तिरपं. अण्णा म्हणत होते, थांबली. काकींनी विचारलं, झालं का वो. झालं, लई झ्याक बोललीस, चहा टाकतो म्हणून अण्णांनी कॅमेरा बाकड्यावर ठेवला आणि पावलं आत गेली. समोर भाताच्या पेंढ्याचा ढीग आणि एक कोंबडी. चित्राच्या कडेला काकींच्या पदराचं टोक हलत होतं. थोडा वेळ काहीच नाही. मी बंद करायला हात पुढं केला, तेवढ्यात अगदी जवळून काकींचा आवाज आला.

"रेखे, ऐक. तुझ्या बापानं बंद केलंया, म्हंजी आता चालू हाय. लाल टिकली दिसतीया मला."

माझा हात तसाच राहिला.

"मगाशी बोलले ते त्यांनी पढवल्यालं. आता माझं सांगते. ह्ये उलटं दाबत्यात, ते त्यांना सांगू नगंस. म्या बी न्हाई सांगितलं. रिटायर झाल्यावं दोन वर्सं मानूस ओट्यावं बसून गाड्या मोजत हुतं. म्या आतनं बघायची आन् मला रडू यायचं. ह्यो डबा आला तवापास्नं हिंडत्यात. लोकं बोलवत्यात. हसत्यात बी, म्या बघितलंय. हसू दे. हसाया का हुईना, बोलवत्यात तरी."

मग वारा आला. कॅमेऱ्यात नुसती घरघर. अण्णा ज्या खोडीबद्दल सांगत ती हीच. दोन-तीन वाक्यं त्यात गेली आणि ती आता कुणालाच मिळायची नाहीत. वारा पडला तेव्हा काकींचं शेवटचं ऐकू आलं.

"...म्या नसले तरी घरात बसू देऊ नगंस. कुनी बोलवलं की जावा म्हनावं."

पावलं वाजली. कपबशीचा आवाज. कुनासंगं बोलतीस, असं अण्णांनी विचारलं. कोंबडीसंगं, काकी म्हणाल्या. उद्या अंडं देनार हाय म्हनती, काढाया या. अण्णा हसले. काकीही हसल्या. पुढं दोघं चहा पीत होते, फुरके ऐकू येत होते, आणि बॅटरी संपली.

रेखा तोंडावर पदर घेऊन रडत होती. अण्णा हलले नव्हते. "परत लाव," ते म्हणाले. मी लावलं. पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा झाल्यावर त्यांनी खुंटीवरचा कॅमेरा घेतला, मला विचारलं, टिकली कुठं असती. मी बोटानं कोपरा दाखवला. त्यांनी कॅमेरा डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला.

"तुला ठाव हुतं?"

मी हो म्हटलं.

"कवापास्नं?"

"पहिल्या कार्डापासून."

त्यांनी मान हलवली. मी काहीतरी बोलू लागलो, माफी वगैरे, ते त्यांनी ऐकलं असं वाटलं नाही. "तिनं सांगितलं न्हाई ते माझ्यापायी," ते म्हणाले. "तू कुनापायी सांगितलं न्हाईस, संजा?"

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिकीट विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं, कुठून कुठं.

अण्णांनी कॅमेरा माझ्याकडं धरला आणि अंगठ्यानं बटण दाबलं. टिक्. एकच.

"चालू," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर म्हणाले. "आता सांग. दुकानात काय सांगायचास ते सांग. रेखीला बी ऐकू दे. ती असती तर ती बी हसली असती."

गावभर जी गोष्ट मी रंगवून सांगितली होती, आवाज काढून सांगितली होती, तिचा एक शब्द मला आठवेना. अण्णा थांबले होते. कॅमेरा धरलेला हात स्थिर, नजर माझ्यावर. ही नजर मी ओळखत होतो. दारात उभे राहून, दोरीवर हात ठेवून, आत लोक कुरकुरत असताना ते बांधाकडं अशाच नजरेनं बघत असत. त्या दिवशीही ते भरपूर थांबले. रेखाच्या मुलीनं लॅपटॉपवर हात मारला, तिला रेखानं मागं घेतलं, तरी ते थांबलेलेच होते. मला पायरी गाठता आली नाही.

शेवटी त्यांनी दाबलं. टिक् टिक्.

"डबल," ते म्हणाले. "गाडी गेली, संजा."

मग ते उठले. खुंटीवरची टोपी घातली, कॅमेऱ्याचा पट्टा हातात अडकवला आणि चपला पायात सरकवल्या. रेखानं डोळे पुसत विचारलं, आज कुठं निघालात.

"किकवीला," अण्णा म्हणाले. "पोरांचं गॅदरिंग हाय. बोलवलंय न्हवं."